लाल त्रिकोणाचा अर्थ कोण लिहिणार?

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी आणि गावातले भूमिहीन तिथे राबतात. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. सोबतचं पत्रक मुंगीएवढ्या अक्षरात. डोळ्यातली बाहुली बारीक होते, लाळ सुटते, दरदरून घाम येतो, छाती घरघरते, ही अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणं. अशा वेळी कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचं आणि डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठायचा, हे मजुराला कोणत्या पुस्तकातून कळणार? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तरी आपण आरोग्यावरचं पुस्तक हा चळवळीचा विषय मानत नाही!

मराठीत वैद्यक लिहिता येत नाही, हे कुणी सांगू नये. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठीतून वैद्यकाचा वर्ग सुरू झाला होता. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तेव्हाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत पुस्तकं लिहिली. आपल्या शेजारच्या दिंडोरीत काम करताना डॉ. श्याम अष्टेकरांनी गावातल्या आरोग्यसेवकांसाठी 'भारतवैद्यक' लिहिलं. त्यांना दाद दिलीच पाहिजे. पण मित्रांनो, आरक्षणाच्या लढ्यातून डॉक्टर झालेल्या आपल्या माणसांपैकी किती जणांनी आपल्या वस्तीसाठी चाळीस पानं लिहिली? पिंपळगावातून जाणारा महामार्ग ज्या आग्र्याला पोचतो, तिथेच मार्च १९५६ मध्ये बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली होती. ती आपण दर जयंतीला ऐकतो आणि घरी जातो.

डॉक्टर म्हणतात, वेळ नाही, शिवाय प्रकाशक मिळत नाही. वेळेचं मी मान्य करतो, प्रकाशकाचं नाही. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पोटाला चिमटा काढून पुस्तकं विकत घेणारा वाचक आपल्याकडे आहे. असा वाचक भल्याभल्या प्रकाशकांच्या नशिबी नाही. तेव्हा डॉक्टरांनी मजकूर सांगावा, कार्यकर्त्यांनी तो लिहून काढावा, डॉक्टरांनी पुन्हा तपासावा. औषधाच्या मात्रेत एक शून्य चुकलं तर जीव जातो, इथे उत्साह कामाचा नाही. आणि छापण्याआधी तो बागेतल्या बायांना वाचून दाखवावा. जिथे त्या "म्हणजे काय रं भाऊ?" विचारतील, तिथलं वाक्य बदलावं. आमच्या वस्तीतल्या विहारात येत्या रविवारपासून आम्ही फवारणीवरच्या पहिल्या आठ पानांना बसतोय. कुणी डॉक्टर येत असतील तर चहा आमच्याकडून.