कपात करा, पण कोणाच्या हंड्यातून?

धरणांतला साठा खाली गेला की पालिकेचे पत्रक निघते: सोमवारपासून सर्व भागांत दहा टक्के पाणीकपात. वाचणाऱ्याला त्यात खोट दिसत नाही. बंगल्याला दहा टक्के, इमारतीला दहा टक्के, वस्तीलाही दहाच टक्के. सगळ्यांना सारखेच, मग तक्रार कसली? आमचे म्हणणे असे की या सारखेपणातच अन्याय लपलेला आहे, आणि त्याचा पहिला मार आपल्या घरातल्या लेकरांच्या पोटावर आणि बायाबापड्यांच्या अंगावर बसतो. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

आधी साधा हिशोब करू. मुंबईत इमारतीत राहणाऱ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर, हे माप वर्षानुवर्षे चालत आले आहे. पाच माणसांचे घर धरले तर इमारतीतल्या घराला ६७५ लिटर, वस्तीतल्या घराला २२५ लिटर. म्हणजे एक मोठा पिंप भरून वर दीड-दोन हंडे. आता दहा टक्के कापा. इमारतीतल्या घरात ६०७ लिटर उरले, माणशी १२१. वस्तीतल्या घरात २०२ लिटर उरले, माणशी ४०. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पिणे, रांधणे, हात धुणे, आंघोळ आणि कपडे एवढे नीट होण्यासाठी माणशी ५० लिटर तरी लागतात. आपण कपातीआधीच त्या रेषेच्या खाली होतो. कपातीने आणखी खाली गेलो. पलीकडचे घर मात्र कपातीनंतरही रेषेच्या दुपटीहून वर आहे.

हा झाला कागदावरचा हिशोब. नळावरचा हिशोब आणखी वाकडा आहे. पाणी सोडले की आधी रिकामी पाइप भरते, मग पुढच्या घरांना धार लागते, शेवटच्या गल्लीत सगळ्यात उशिरा. समजा पाणी एक तास येते आणि शेवटच्या घराला ते वीस मिनिटांनी पोचते. त्या घराला मिळतात ४० मिनिटे. दहा टक्के कपात म्हणून वेळ सहा मिनिटांनी कमी केली, तर पहिल्या घराचे दहा टक्के गेले, शेवटच्या घराचे पंधरा टक्के. टेकडीवरच्या वस्तीत तर दाब कमी झाला की धार चढतच नाही. पत्रकात आकडा एकच असतो, पण शेवटच्या नळावर तो फुगून येतो.

पाणी कमी पडले की घरात काय होते?

पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी कोणीही आई आधी बाजूला काढते. मग कात्री लागते ती धुण्यावर. शौचाहून आल्यावर हात नुसते ओले होतात, साबण राहतो. लहानग्यांची आंघोळ एक दिवसाआड होते. पांघरुणे महिना महिना धुतली जात नाहीत. जुलाब, जंत, खरूज, डोळे येणे ही दुखणी तिथूनच सुरू होतात. डॉक्टरकडे गेल्यावर औषध मिळते, पण खरूज जाण्यासाठी सगळ्या घराचे कपडे आणि अंथरूण धुवावे लागते. ते पाणी कुठून आणायचे?

बायकांचे हाल वेगळेच. सार्वजनिक शौचालयात पाणी नाही म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. त्यातून जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, मुतखडा. पाळीच्या दिवसांत कपडा नीट धुता येत नाही, वाळवता येत नाही. भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. तो डोक्यावर आणि दुसरा कमरेवर घेऊन रोज दहा खेपा करणाऱ्या बाईची मान आणि कंबर चाळिशीतच बोलू लागते. पोटुशी असली तरी खेप चुकत नाही. पहाटे पाणी येते तिथे झोपमोड होते ती आईची आणि थोरल्या मुलीची, आणि त्याच मुलीची शाळा बुडते.

शिवाय पाणी भरवशाचे नसले की साठवावे लागते. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मग पावसाळ्यात पथक येते आणि पिंप उघडे ठेवले म्हणून आपल्यालाच नोटीस देते. चोवीस तास नळ असलेल्या घराला पिंप लागतच नाही, हे नोटीस देणारा विसरतो.

पाणीच कमी आहे, मग काय करणार?

हे उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. ते आपल्या इतिहासावर घासून पाहू. महाडच्या चवदार तळ्यात पाणी कमी नव्हते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षे आपला माणूस तिथे ओंजळ बुडवू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो स्त्री-पुरुषांसह तळ्यावर गेले तेव्हा कागदावरचा हक्क हातात आला, आणि त्यावरचा दावा मुंबई उच्च न्यायालयात संपायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई झाली. आज कोणी आपल्याला तळ्यावरून उठवत नाही. आजचा भेद मापात आहे: कोणाला किती, किती वेळ, किती दाबाने आणि कोणाच्या आधी.

मापाचा हा प्रश्न राज्यभर आहे. महाराष्ट्राच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा थोडका, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून जास्त. राज्याच्या जलनीतीत पिण्याचे पाणी पहिले. दुसरा क्रमांक शेतीचा की उद्योगाचा यावर वाद झाला आणि २०११ मध्ये शेतीला दुसरे स्थान मिळाले. पहिल्या स्थानाबद्दल कोणाचाच वाद नव्हता. तरी २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. एका तान्ह्या बाळाची आंघोळही त्यात होत नाही.

पण त्याच उन्हाळ्याने दुसरी गोष्टही दाखवून दिली. उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात त्याहून कमी कपात करायला सांगितली. म्हणजे गरज पाहून वेगवेगळी कपात करता येते. ते अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

‘बेकायदा वस्तीला पाणी कशाला,’ हा प्रश्नही मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निकाली काढला आहे. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर केव्हा बांधले या कारणाने ते नाकारता येत नाही, असे न्यायालयाने पालिकेला सांगितले. दर आणि पुरवठ्याची रीत वेगळी ठेवण्याची मुभा मात्र पालिकेला राहिली. ‘वस्तीवाले फुकट पाणी पितात’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा टँकरवाल्याचा आणि हंड्यामागे पैसे घेणाऱ्याचा भाव विचारून यावा. लिटरमागे आपण इमारतवाल्यापेक्षा जास्तच मोजतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. माणशी ५० लिटर ही आरोग्याची रेषा धरा. त्या रेषेखालच्या कोणाचेही पाणी टंचाईत कापू नका. वर असणाऱ्यांचे कापा, आणि जितके वर तितके जास्त. आधी बागा, पोहण्याचे तलाव, गाड्या धुणे; बांधकामाला सांडपाणी शुद्ध करून द्या. दवाखाने, शाळा, अंगणवाड्या आणि सार्वजनिक शौचालये कपातीतून वगळा. वेळ कमी करायचीच असेल तर शेवटच्या नळाला धार लागल्यापासून मोजा. आणि कोणत्या भागाला रोज किती पाणी सोडले याचा फलक पालिकेने वॉर्ड कार्यालयात लावावा. माप दिसले तरच वाटपावर बोलता येईल.

आपल्या गल्लीतला हिशोब

हे पालिकेला सांगताना आपल्या गल्लीकडेही पाहावे लागेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलिय दोघांचीही शेती त्या एका नदीवर. पाण्यावरून हाणामारी झाली आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. आपल्याही माणसांची चूक आहे असे कानावर आले आहे, आधी चौकशी करा, असे त्याने सांगितले. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाचांनी वाद मिटवावा अशी सूचना त्याने मांडली. बहुमत विरोधात गेले तरी तो मागे हटला नाही. पाणीवाटपाची इतकी जुनी आणि इतकी आपली पद्धत दुसरी कोणती?

आज गल्लोगल्ली नळाला थेट मोटार लागते. पुढच्या चार घरांच्या मोटारी सुरू झाल्या की मागच्या वीस घरांची धार बंद होते. मोटार लावणारा चोर आहे असे आम्ही म्हणत नाही. दाब नाही म्हणून त्याने पदरमोड करून ती घेतली आहे. पण यात आरोग्याचा धोका आहे, आणि तो त्याच्या घरालाही आहे. थेट मोटारीने पाइपमधले पाणी ओढले जाते तेव्हा आत पोकळी तयार होते. पाइप जिथे फुटकी आहे, सांधा सैल आहे, तिथून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. आपल्या वस्त्यांत ती पाइप बहुतेक ठिकाणी गटारातूनच गेलेली असते. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो असे घराघरात शिरतात. काविळीचा ‘ई’ प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेततो. मोटारवाल्याच्या सुनेला तो सोडत नाही.

यासाठी प्रत्येक गल्लीने पाच जणांची पाणी समिती करावी. पुढच्या घरांतले दोघे, मागच्या घरांतले दोघे, पाचवी व्यक्ती सगळ्यांनी मिळून निवडलेली. त्यांत तीन तरी महिला असाव्यात, कारण पाणी भरते कोण हे सर्वांना माहीत आहे. नियम साधे ठेवावेत. नळाला थेट मोटार नाही. वर चढवायचे असेल तर आधी पिंप भरा आणि पिंपातून चढवा. एक दिवस पुढून, एक दिवस मागून सुरुवात करा. घरामागे मोजू नका, माणसांमागे मोजा. बाळंतीण, आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घराला दोन हंडे जास्त द्या. कोणत्या नळाला किती वाजता धार आली, किती वेळ टिकली, याची वही ठेवा. महिनाभराची वही घेऊन वॉर्ड कार्यालयात गेलेल्या पाच बायांना साहेब बाहेर बसवू शकत नाही.

घरात मात्र आजपासून करता येईल ते करा. नळाचे पहिले गढूळ पाणी फरशी आणि शौचासाठी ठेवा. पिण्याचे पाणी उकळा, किंवा क्लोरीनचे औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. पिंपाला झाकण ठेवा, आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा. अंडी भिंतीला चिकटलेली असतात. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा. मूल मरगळले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या एका विषयाला द्यावा, अशी सर्व उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. समितीची पाच नावे त्याच दिवशी ठरवा, वही त्याच दिवशी आणा. पुढचे कपातीचे पत्रक निघेल तेव्हा आपल्या हातात आकडे असले पाहिजेत.

जय भीम!