फुकटच्या खेळाचा हिशेब

खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरले, की पोळ्या किती खाल्ल्या हे कोणी मोजत नाही. जत्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. पण आत पाळणा, फुगे, बंदूक, प्रत्येक ठिकाणी खिशात हात घालावा लागतो. इंटरनेटवर हजारोंनी मिळून खेळायचे खेळ सुरुवातीला खानावळीच्या रीतीने चालत. अमेरिकेत १९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'ची वर्गणी महिन्याला सुमारे दहा डॉलर होती. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची पंधरा. तरी २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले होते.

जत्रेची रीत रुजली ती दक्षिण कोरियात. नेक्सॉन कंपनीने २००३ साली 'मेपलस्टोरी' फुकट खेळू दिला आणि त्यातल्या पात्रांचे कपडे, केशरचना विकायला काढल्या. चित्रातल्या टोपीला कोण पैसे देणार, असे वाटेल. पण लोकांनी दिले. पुढे वर्गणीवाल्यांनाही झुकावे लागले. डिसेंबर २०११ मध्ये वर्गणी लावून निघालेला 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' वर्षाच्या आतच फुकट खेळता येऊ लागला.

मग कंपनीचे पोट भरते कशावर? फुकट खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधीच पैसे देत नाहीत. मूठभर देतात, आणि त्यांतले काही वारेमाप देतात. धंद्यात अशा गिऱ्हाइकाला 'व्हेल', म्हणजे देवमासा म्हणतात. बाकीचे फुकटेही निरुपयोगी नसतात. विकतची टोपी मिरवायला गर्दी नको का?

इथेच खेळाची घडण बदलते. वर्गणीच्या खेळाला गिऱ्हाईक पुढच्या महिन्यापर्यंत टिकवायचे असते. फुकटच्या खेळाला एक उतावीळ क्षण पुरतो. म्हणून ऐन रंगात आल्यावर सांगायचे, तासभर थांबा, नाहीतर पैसे भरा. रुपयांचे आधी हिरे करून द्यायचे, म्हणजे किंमत ध्यानात राहत नाही. वस्तू समजा ८० हिऱ्यांची, तर हिरे शंभराच्या पुडीत! आत काय निघेल ते न सांगता विकलेल्या पेट्या तर बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारातच धरल्या. 'फोर्टनाइट' या फुकटच्या खेळात बटणांची मांडणी अशी, की नकळत खरेदी होते आणि मुलांच्या खरेदीला पालकांची संमतीही घेतली जात नाही, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्स कंपनीने परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे कबूल केले.

आपल्याकडे मुलाच्या हातातला फोन बऱ्याचदा आईचा किंवा बाबांचा असतो, आणि कार्डही त्यातच नोंदलेले. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. ती आजच चालू करावी. आणि मुलाने कधी ठरावीक वर्गणीचा खेळ मागितला, तर 'फुकटचे असताना विकतचा कशाला?' असे म्हणण्याआधी फुकटच्या खेळावर गेल्या सहा महिन्यांत किती खर्च झाला, ते त्याच प्ले स्टोअरमधल्या खरेदीच्या यादीत पाहून घ्यावे.