पाणी समजून...

रविवारी सकाळी अकरा म्हणजे आमच्या फ्लॅटवरची पहाट. अशाच एका पहाटे माझ्या रूममेटनं अर्धवट डोळे उघडून ओट्याखालची मिनरल वॉटरची बाटली तोंडाला लावली. आत होतं टॉयलेट साफ करायचं सुटं अ‍ॅसिड. त्या बाटलीत ते मीच भरून ठेवलं होतं. (चार पैसे वाचवायला, दुसरं काय!)

एक घोट गेला. ती किंचाळली आणि मी मिठाच्या पाण्याचा ग्लास घेऊन धावले. 'आधी उलटी काढा' हे आपल्याला लहानपणापासून पाठ ना! नशीब, शेजारच्या नर्स काकूंनी ग्लास हिसकावून घेतला. अ‍ॅसिड घशाखाली जाताना भाजतं, तसं उलटीतून वर येतानाही भाजतं. रॉकेल असेल तर ते उलटीच्या वेळी फुप्फुसात शिरू शकतं. म्हणून उलटी नाही, लिंबू-सोड्याचे प्रयोगही नाहीत. चूळ भरून थुंकायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, बाटलीसकट. काय, किती आणि कधी घेतलं, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्रही चोवीस तास सल्ला देतं : १८०० ११६ ११७. आमच्या फ्रिजवर आता पिझ्झावाल्याच्या वर हाच नंबर आहे. सुटं अ‍ॅसिड बंद, फिनेल त्याच्या मूळ बाटलीत, बाथरूमच्या कपाटात.

रूममेट आता बरी आहे. माझ्याशी बोलतेही. फक्त पाणी अजून ग्लासात ओतून, वास घेऊनच पिते.