राजवाडा पाहून झाला, आता जेवायचं कुठं?

राजेहो, आज राजकारण नाही. आज जेवणावर लिहितो. अर्थात शेवटी राजकारण येतंच त्यात, पण ते बाजूला ठेवून वाचा.

मागच्या डिसेंबरात माझा एक वर्गमित्र पुण्याहून डोणगावला आला. सोबत बायको, दोन लेकरं आणि सासरे. सासरे निवृत्त मास्तर, विषय इतिहास. त्यांना एकच इच्छा, सिंदखेड राजा पाहायचं. मी म्हटलं चला. मेहकर, सुलतानपूर, बिबी, दुसरबीड करत आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.

लखुजीरावांचा राजवाडा पाहिला. १५९८ साली जिथं जिजाऊंचा जन्म झाला, त्या जागी मास्तर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग रंगमहाल पाहिला. मग लखुजीरावांची समाधी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना २०२४ च्या जूनमध्ये याच समाधीच्या परिसरात शेषशायी विष्णूची मोठी दगडी मूर्ती सापडली होती, तेही मास्तरांना ठाऊक होतं. माणूस अभ्यास करून आलेला. मोती तलाव राहिला होता, पुतळा बारव राहिली होती. पण दीड वाजला आणि धाकट्यानं बापाचा शर्ट ओढला, "बाबा, भूक."

रस्त्यावरच्या एका पोराला विचारलं, "भाऊ, जेवण कुठं भेटते?" तो म्हणाला, "चहा-नाश्ता हाये ना इथं. जेवणाचं असंन तर गाडी काढा."

गाडी काढली. मोती तलाव राहिला, बारव राहिली. ते तसेच जालन्याकडं निघाले, मी एसटीनं माघारी आलो. तीनच्या सुमाराला मित्रानं जालन्याहून फोटो टाकला. पनीर बटर मसाला, बटर नान, कोल्ड्रिंक. पाच माणसांचं बिल चौदाशेच्या घरात. खाली लिहिलं होतं, "सासरे म्हणतात, जिजाऊंच्या गावची भाकर खायची होती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आतल्या एखाद्या गल्लीत कुणाची खानावळ असेलही. गावातल्या माणसाला ती माहीतही असेल. पण बाहेरून आलेल्याला ती दिसली नाही, आणि मी एवढ्या वर्षांचा पत्रकार, मलाही सांगता आली नाही. लाज वाटली ती याची. चौदाशे रुपये आणि उरलेला अर्धा दिवस, दोन्ही आपल्या जिल्ह्याबाहेर गेलं.

आता कुणी म्हणेल, एका दुपारच्या जेवणाचं काय एवढं? बारा जानेवारीला येऊन पाहा, लाखांनी माणूस येतो, कुणी उपाशी जात नाही. खरं आहे. बारा जानेवारीला सिंदखेड राजाला उपाशी राहणं अवघड. मी बोलतोय ते उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल. मंगळवारी दुपारी येणाऱ्या पाच माणसांबद्दल, शाळेच्या सहलीसोबत आलेल्या मास्तरीणबाईंबद्दल, जिला साठ पोरींचे डबे कुठं उघडायचे आणि हात कुठं धुवायचे हे कळत नाही.

जुन्या गावात माणूस किती वेळ थांबतो, हे बघायला काय आहे त्यावर ठरत नाही. दीड वाजता जेवायला काय आहे त्यावर ठरतं. जेवण मिळालं तर संध्याकाळपर्यंत थांबतो, बारव पाहतो, कुणाशी दोन गोष्टी बोलतो, एखादं पुस्तक घेतो. नाही मिळालं तर तासाभरात फोटो काढून मोकळा. आणि आता तर समृद्धी आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून आपल्या डोणगावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरची दुपारची गर्दी कशी पातळ झाली, ते रस्त्यावर हॉटेल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. पूर्वी नागपूरहून सिंदखेड राजाला येणारी गाडी आपल्याकडं चहाला थांबायची, पुढं कुठंतरी जेवायची. आता ती वरून येते, राजवाडा पाहते आणि पुन्हा वर चढते. तिला खाली धरून ठेवायला आपल्याकडं एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ताट.

मुंबईचं उदाहरण देतो, कारण मंत्रालयाची पायरी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी झिजवलेली आहे. जालन्याहून रेल्वेनं सीएसएमटीला उतरायचं, काम साहेब जागेवर नसल्यामुळं व्हायचं नाहीच, दुपारी फोर्टात भटकायचं. मी ते पुष्कळदा केलंय. सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा. असल्या ठिकाणी आपल्यासारख्याला जेवण परवडू नये. पण परवडतं! स्टेशनासमोरच्या गल्लीत पंचम पुरीवाल्याकडं पुरी-भाजी मिळते. आराममध्ये थालीपीठ, मिसळ मिळते. फोर्टातल्या गल्ल्यांत डोसा-पुलावाच्या गाड्यांपुढं टाय लावलेला बँकवाला आणि कुरिअरचा पोरगा खांद्याला खांदा लावून उभे असतात.

हे कुणी पर्यटनासाठी उभं केलेलं नाही. फोर्टात कारकून होते, हमाल होते, गोदीत काम करणारे होते, त्यांना दुपारी गिळायला काहीतरी लागत होतं, त्यातून ते उभं राहिलं. इराण्यांनी कोपऱ्यावरच्या जागा धरल्या, चहा, बनमस्का, खिमा-पाव सुरू केला. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, कॅफे मिलिटरी १९३३ चं. घरचं जेवण हवं असणाऱ्यांसाठी १८९० पासून डबेवाले आहेत, बहुतेक सगळे मावळातले. म्हणजे वारशाच्या इमारती आणि दुपारची भूक, दोन्ही एकाच रस्त्यावर शंभर वर्षं नांदताहेत. मला तर वाटतं इमारती टिकल्या त्यालाही हे कारण आहे. ज्या भागात माणूस रोज जेवतो, त्या भागावर त्याची नजर राहते.

तिथंही सगळं गोड नाही. एकेकाळी इराणी हॉटेलं शेकड्यांनी होती, आता बोटांवर मोजायची पाळी आलीय. ब्रिटानियाचा बेरी पुलाव आता साध्या खिशाचा राहिलेला नाही. इमारतीचा दर्शनी भाग जपायला कायदा आहे, आत मिळणारं स्वस्त जेवण जपायला काही नाही. एक मात्र सांगतो, हे आपल्याकडं फार जणांना माहीत नसतं. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात असं आहे, की ज्या नैसर्गिक बाजारात ५० वर्षांहून जास्त काळ विक्रेते बसत आलेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. म्हणजे कायद्यालाही कळतं, की वारसा फक्त दगडाचा नसतो. कागदावर तरी कळतं.

पण फोर्टापेक्षा मला जास्त कामाची वाटते ती गिरणगावची गोष्ट. गिरणीतल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. स्वतःच्या खोलीत चूल, दाराशी वीस-पंचवीस माणसं, महिनाभर उधारीवर जेवण आणि त्यासाठी सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. तोपर्यंत त्यांना कुणी उद्योजक म्हणत नव्हतं. स्वैपाक म्हणजे काय, बाईमाणूस करतेच की. आपल्याकडं आजही तेच आहे. बचत गटाच्या बायकांना पापड आणि लोणचं करायला लावायचं, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदर्शन भरलं की स्टॉल द्यायचा, साहेबांसोबत फोटो. अरे, पापड सगळा महाराष्ट्र विकतो! घाटावरच्या बाईच्या हातची ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, कढी-गोळे, थंडीत वरण-बट्टी नाहीतर रोडगे, हे मुंबई-पुण्याचा माणूस पैसे मोजून खाईल आणि घरी जाऊन दहा जणांना सांगेल. आपल्याला त्याची किंमत नाही, कारण आपण ते रोज खातो.

माझं म्हणणं साधं आहे. राजवाड्याजवळ आठ-दहा ओटे करा. समाधीच्या आसपास पक्कं बांधकाम सुचवत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि ती असायलाच पाहिजे. थोडं अंतर ठेवून, जुन्या रस्त्यावरून दिसेल अशी जागा. वर साधं छप्पर, खाली फरशी, पाण्याचा नळ, हात धुवायला बेसिन, जवळ स्वच्छ संडास आणि रस्त्यावर ठळक पाटी. बाकी सुशोभीकरण राहू द्या. कारंजं नको, एलईडीचा मोर नको. ओटे गावातल्या बचत गटांना द्या. भाजी-भाकरीचं ताट, दर बोर्डावर लिहिलेला, बारा ते तीन हमखास मिळणार. सहल येणार असेल तर शाळेनं आदल्या दिवशी फोन करायचा.

लगेच लोक म्हणतील, घाण होईल, अतिक्रमण होईल, पवित्र जागेचा बाजार होईल. घाणीचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, घाटाखाली. शेगावला रोज हजारो माणसं जेवतात. खरकटं दिसतं का कुठं? सेवेकरी कसे वाढतात, कसे पुसून घेतात, पाहिलंय ना सगळ्यांनी. ते संस्थान आहे, तिथं प्रसाद आहे, सेवा आहे. इथं धंदा असेल, हा फरक मला कळतो. पण बुलडाण्याच्या माणसाला स्वच्छ वाढता येत नाही, असं तर म्हणू नका. आणि जिजाऊंच्या गावात चार घरच्या बायकांनी पाहुण्याला जेवू घालून चार पैसे कमावले, तर जागा बाटत कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

अतिक्रमणाची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. झुणका-भाकर केंद्रं आठवा. १९९५ ला युतीचं सरकार आलं, एक रुपयात झुणका-भाकर. योजना वाईट नव्हती. पण भूक बाजूला राहिली आणि लोकांची नजर टपरीच्या जागेवर गेली. मोक्याच्या चौकात जागा, ती कार्यकर्त्याच्या नावावर. पुढं योजना बंद पडली, टपऱ्या मात्र राहिल्या, त्यात वडापाव आला, मग चायनीज, मग झेरॉक्स. शिवभोजन २६ जानेवारी २०२० ला आलं, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. त्यानं गरिबाच्या पोटाला आधार दिला, पण थाळीमागचं सरकारी अनुदान वेळेवर आलं तरच केंद्र चालणार, ही त्याची गोम. दोन्हींतून शिकायचं ते हेच, की ओटा माणसाच्या नावावर द्यायचा नाही, गटाला द्यायचा, वर्षाच्या करारानं. सलग पंधरा दिवस जेवण शिजलं नाही तर ओटा परत. पोटभाड्यानं दिला तर परत. आणि अनुदान नको. जागा, पाणी आणि पाटी एवढं सरकारचं, बाकी ताटाच्या पैशावर चालू द्या. पहिल्या वर्षी दोन-तीन गट मोडतील, मोडू द्या. खानावळ चालवणं सोपं नाही. मंगळवारी चार गिऱ्हाईक आणि रविवारी दोनशे, याचा अंदाज यायला एक हंगाम जातो.

लोणारबद्दलही हेच लिहिता आलं असतं. तिथं तर परदेशातून माणूस विवर बघायला येतो, दैत्यसूदनाचं मंदिर पाहतो. पण ते वेगळं लिहीन, कारण तिथं विवराच्या काठाचा, पाण्याचा आणि अभयारण्याचा प्रश्न आहे, घाईत लिहिण्यासारखा नाही.

हे मी आमच्या भागातल्या दोन-तीन पुढाऱ्यांशी बोललो. एक म्हणाले, "कल्पना चांगली हाये, पण निधी कुठल्या हेडखाली टाकायचा?" दुसरे म्हणाले, मोठा फूड प्लाझा आणू, बाहेरची कंपनी बोलवू. म्हणजे पुन्हा पनीर बटर मसाला! त्यासाठी मास्तरांना जालना होतंच की.

मास्तर पुन्हा यायचं म्हणतात. राहिलेला मोती तलाव बघायचा आहे त्यांना. या खेपेला मी घरून डबा बांधून नेणार, बायकोनं कळण्याची भाकर करायचं कबूल केलंय. तोवर एक काम करा. तुम्ही शेवटचं सिंदखेड राजाला गेलात तेव्हा दुपारी कुठं जेवलात, काय जेवलात, किती पैसे झाले, ते खाली लिहा. आतल्या गल्लीत कुणाची खानावळ माहीत असेल तर खुणेसकट लिहा. मी यादी करून इथंच टाकतो, म्हणजे पुढच्या पाहुण्याला सांगायला काहीतरी असेल.