निवृत्तीच्या तारखेआधी

शिस्तभंगविषयक प्राधिकारी यांस,

आम्ही अकोला जिल्ह्यातल्या पूर्णाकाठच्या गावांची माणसं. हे निवेदन नाही. निवेदनं देऊन झाली.

स्मरणपत्रं दिली. लोकशाही दिनाच्या रांगेत उभे राहिलो. दर वेळी उत्तर एकच मिळालं. "पाह्यतो नं भाऊ, फाईल वर गेली."

वर म्हणजे कोणाकडे, हे आता आम्हाला ठाऊक आहे.

आमचे रस्ते पहिल्याच पावसात उखडले. मोजमाप पुस्तिकेत मुरमाचा पूर्ण थर लिहिलेला आहे. खोदल्यावर तो सापडत नाही. पुस्तिकेवर सह्या आहेत. बिल निघालं आहे. सह्या करणाऱ्यांचं काय केलं?

गावांची आणि रस्त्यांची नावं इथे लिहीत नाही. ती आपल्या फायलीत आहेत.

काळ्या मातीचं कारण पुन्हा सांगू नका. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे वऱ्हाडातलं पोरगंही सांगेल. म्हणूनच ती काढायची, मुरूम भरायचा, दाबायचा, दोन्ही बाजूंनी पाण्याला वाट द्यायची. अभियंता नेमतात तो यासाठी.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. तिथे खेकडे, इथे माती. दोघांनाही दोषारोपपत्र देता येत नाही. सोयीचंच आहे.

आम्ही सरसकट बोलत नाही. गांधीग्रामचा पूर्णेवरचा पूल ब्रिटिश काळातला. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याला तडे गेल्याचं दिसलं, वाहतूक बंद झाली, अकोटच्या लोकांनी लांबचे वळसे घेतले. झीज आणि चोरी यांतला फरक आम्हाला कळतो.

नियमही कळतात.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979. ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा त्यात लिहिलेल्या आहेत. शासनाचं नुकसान पगारातून वसूल करता येतं. पदावनती करता येते. सक्तीने निवृत्त करता येतं. आमच्या हातात काही नाही, असं यापुढे कुणी सांगू नये.

डॉक्टरची नोंदणी रद्द होऊ शकते. वकिलाची सनद जाऊ शकते. वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे. अभियंत्यांना व्यवसायातून दूर करू शकेल अशी देशपातळीवरची परिषद नाही. सरकारी अभियंत्याला खात्यात जाब विचारण्याची जागा एकच आहे. आपलं टेबल.

त्या टेबलावर फाईल थांबते, मुदत थांबत नाही. निवृत्तिवेतन नियम, 1982 मधला नियम 27 आपण जाणताच. नोकरीत असताना विभागीय चौकशी सुरू केली नाही, तर निवृत्तीनंतर ती शासनाच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. घटनेला चार वर्षं उलटली असतील, तर मंजुरी असूनही नाही.

म्हणून या उशिराला आम्ही हलगर्जी म्हणत नाही. निवृत्तीच्या तारखा आम्हीही काढल्या आहेत.

वेळ मिळाला नाही, हे चालणार नाही. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरच्या एका पदराचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. गिनीज बुकात नोंद आहे. दोषारोपपत्र काही पानांचं असतं.

आता मुदत देतो. 30 दिवस.

कनिष्ठ अभियंता मोजतो. उपअभियंता तपासतो. कार्यकारी अभियंता बिल मंजूर करतो. दोषारोपपत्र तिघांनाही हवं. खालच्या एकाला निलंबित करून वरच्यांना बढती दिली, तर ती कारवाई आम्ही कारवाई धरणार नाही.

निलंबन ही शिक्षाही नव्हे. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर ते पुढे चालू ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलं आहे. आधी निलंबन, मग गप्प बसणं, मग सन्मानाने कामावर परत. ही वाट आमच्या पाहण्यातली आहे.

चौकशी नियमाने करा. प्रत्येकाला बाजू मांडू द्या. जो निर्दोष असेल त्याला सोडा, पण कारणं लिहून सोडा. आम्हाला बळी नको. निर्णय हवा.

मुदत संपली की पुढचं आम्ही करू.

माहिती अधिकार कायद्यात नागरिकाला कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेता येतात. अर्ज गावनिहाय तयार आहेत. नमुने गावासमोर निघतील. तपासणीचे अहवाल ग्रामसभेत वाचले जातील, सह्या करणाऱ्यांच्या हुद्द्यांसह.

नागपूर खंडपीठात याचिका दाखल होईल. त्यात प्रतिवादी फक्त अभियंते नसतील. फाईल ज्यांच्याकडे थांबली, तेही असतील.

तोवर आमच्या हद्दीत कुठलंही भूमिपूजन ठरवण्याआधी विचार करावा. नारळ फोडायला पाहुणे येतील. गाव येणार नाही.

या पत्राची पोच आजच द्यावी. मुदत त्या तारखेपासून मोजली जाईल.