कुत्र्याची शी वाळूत पुरू नका

फ्लोरिडाला मुलांकडे जाऊन आलेले काही जण तक्रार करतात, "डॉक्टर, एवढा मोठा किनारा, आणि घरच्या कुत्र्याला वाळूवर नेऊ देत नाहीत!" तिथल्या समुद्रकाठच्या स्टेट पार्कांमध्ये कुत्रा नेता येतो. पण पट्टा ६ फुटांपेक्षा लांब चालत नाही, आणि पोहण्याच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी कुत्र्याला बंदी असते. हनीमून आयलंडसारख्या पार्कमध्ये त्यांच्यासाठी किनाऱ्याचा वेगळा भाग राखलेला आहे. बंदीचं एक कारण म्हणजे वाळूत अंडी घालणारे पक्षी. पण डॉक्टर म्हणून मला हा नियम पटतो तो माणसांच्या अनवाणी पायांसाठी.

कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात हुकवर्म नावाचे जंत असतात. त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात. उबदार, ओलसर, सावलीतल्या वाळूत ती फुटतात आणि साधारण ५ ते १० दिवसांत त्यातल्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरण्याइतक्या तयार होतात. म्हणजे ताजी शी लगेच पिशवीत उचलली, तर साखळी तिथेच तुटते. अनेक जण मात्र पायाने वाळू लोटून ती झाकतात आणि साफ केल्याचं समाधान मानतात! अळीला हवी असलेली ऊब, ओल आणि सावली आपणच तिला पुरवतो. त्यापेक्षा न नेलेला कुत्रा बरा.

अळी पायातून, किंवा वाळूत बसलो असू तर मांडीतून, कुल्ल्यातून शिरते. माणसाच्या शरीरात तिला पुढे वाढता येत नाही, म्हणून ती कातडीखालीच भटकते. लालसर, नागमोडी रेघ उठते, रोज थोडी पुढे सरकते आणि रात्री भयंकर खाजते. आपल्याकडे पुष्कळदा याला नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. नायट्याच्या मलमाने अळी मरत नाही. रेघ सरकताना दिसली की डॉक्टरांना दाखवा आणि किनाऱ्यावर गेला होतात हे आवर्जून सांगा. आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोलने हा त्रास लवकर बरा होतो. डोस मात्र स्वतः ठरवू नका, विशेषतः गरोदरपणी आणि लहान मुलांसाठी.

कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित जंतांचं औषध द्या. पिल्लांकडे जास्त लक्ष हवं, कारण त्यांना आईच्या दुधातूनही जंत मिळू शकतात. तुम्ही भरतीच्या पाण्याने धुतलेल्या ओल्या वाळूवरून चाला, वरच्या वाळूत चप्पल घाला आणि बसायला खुर्ची किंवा जाड चटई घ्या. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर भटकी कुत्री कायमच असतात आणि त्यांना जंतांचं औषध कोण देणार? तिथे तर चप्पल काढूच नका.