आधी उंची, मग वॉट

आग विझवायला काय लागते असे विचारले, तर तुम्ही चटकन सांगाल : पाणी, बंब आणि धाडसी माणसे. माझ्या मते या यादीत चौथी गोष्टही हवी, ती म्हणजे दूरवर पोचणारा आवाज. शहरातल्या आगीत जवान एकमेकांना निदान हाका तरी मारू शकतात. रानातल्या वणव्यात मात्र तुकड्या डोंगरांआड पांगलेल्या असतात. तेथे बिनतारी संच मुका झाला, की शेजारच्या तुकडीवर काय गुदरले आहे हे कोणालाच कळत नाही.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे उदाहरण घेऊ. तेथील ग्रामीण भागात हे काम ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था करते. तिचे बहुतेक जवान स्वयंसेवक आहेत. उन्हाळ्यात तेथे उत्तरेकडून, म्हणजे खंडाच्या तापलेल्या अंतर्भागाकडून, वारा येतो आणि मग एकाएकी नैऋत्येकडून वाहू लागतो. वणव्याचा पट्टा लांबट असतो. वारा फिरला की त्याची लांबलचक बाजू हीच नवी आघाडी बनते! म्हणून ‘वारा फिरला’ हे दोन शब्द वेळेवर पोचणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. २ डिसेंबर १९९८ रोजी लिंटन गावाजवळ असाच वारा फिरला आणि एका बंबावरचे पाच स्वयंसेवक आगीत सापडून मरण पावले. ७ फेब्रुवारी २००९ रोजी त्याच राज्यातील वणव्यांत १७३ माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाचा अंतिम अहवाल २०१० साली आला. संदेशवहनातील उणिवा आयोगापुढे आल्याच : काही भागांत आवाज पोचत नव्हता, तर काही ठिकाणी एकाच वाहिनीवर संदेशांची गर्दी झाली होती.

अशा वेळी पहिली सूचना ठरलेली असते : ‘जास्त शक्तीचे संच घ्या.’ ही सूचना चुकीच्या टोकापासून सुरू होते असे मला वाटते. का, ते गणितानेच पाहू.

असे संच बहुधा १६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी दोन मीटरांहून थोडी कमी असते. या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. एरियलची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. सपाट जमिनीवर त्या एरियलचे ‘रेडिओ क्षितिज’ तितक्या किलोमीटरवर असते. हातातल्या संचाची उंची दीड मीटर धरली, तर उत्तर येते ५ किलोमीटर. ३० मीटर उंच मनोऱ्यासाठी ते येते सुमारे २२, आणि भोवतालच्या प्रदेशापेक्षा ४०० मीटर उंच डोंगरासाठी ८२! पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारला गेला, तो काही किल्ल्याची शोभा वाढवण्यासाठी नव्हे.

आता शक्तीकडे वळू. संच ५ वॉटऐवजी ५० वॉटचा केला, तर अगदी मोकळ्या जागेत पल्ला सुमारे तिप्पट होईल. पण मध्ये डोंगर उभा असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि हातातल्या संचाची बॅटरी मात्र झपाट्याने उतरेल.

म्हणून डोंगरमाथ्यावर ‘रिपीटर’ बसवतात. तो एका कंप्रतेवर आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर मोठ्या शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. पण येथेही एक फसगत आहे. रिपीटरचे ५० वॉट दरीतल्या जवानाला ऐकू येतात. जवानाच्या हातातले ५ वॉट मात्र रिपीटरपर्यंत पोचत नाहीत. त्याला सर्व हुकूम ऐकू येतात, पण ‘आम्ही अडकलो आहोत’ हे त्याला सांगता येत नाही. याला उपाय म्हणजे आसपासच्या टेकड्यांवर केवळ ऐकणारे ग्राहक संच बसवायचे, ते मुख्य केंद्राशी जोडायचे आणि त्यांतला सर्वांत स्पष्ट आवाज यंत्राने निवडायचा. ग्रामीण अग्निशमन दलाला मोठ्या तोंडापेक्षा जास्त कानांची गरज आहे, असे माझे मत आहे. ऐकणाऱ्या यंत्राला वीजही थोडी लागते.

कोणी म्हणेल, ‘आता खेडोपाडी मोबाइल आहे, मग हा खटाटोप कशाला?’ मोबाइलवर साधारणतः एक माणूस एकाशी बोलतो. वारा फिरल्याची बातमी मात्र एका दमात सर्वांना कळली पाहिजे. शिवाय संकटात सगळेच फोन करू लागतात, आणि वीज गेली की मनोरेही गप्प होतात. हा आक्षेप रिपीटरलाही लागू पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. वणवा त्याच्या डोंगरावरही चढू शकतो. म्हणून त्याला स्वतंत्र बॅटरी हवी. शिवाय संचावरून संचाशी थेट बोलण्याची एक वाहिनी राखून ठेवायला हवी आणि तिचा सराव प्रत्येकाला हवा. कमरेला लटकवलेल्या संचाच्या लहरी शरीर शोषून घेते. तोच संच डोक्याच्या उंचीला, एरियल उभी ठेवून धरला, तर पुष्कळदा तुटणारा आवाज जुळतो. ही सुधारणा फुकट आहे!

पण या सर्वांच्या आधी एक काम करायला हवे, ते म्हणजे नकाशा. आवाज कोठे पोचत नाही हे आग लागण्यापूर्वीच पायी फिरून नोंदवले पाहिजे. नाहीतर मनोरा सोयीच्या जागी उभा राहतो आणि अडचणीची दरी मुकीच राहते.

हे काम कसे असते याचा अनुभव तुम्हालाही घेता येईल. शिक्षकांच्या मदतीने गावाचा नकाशा काढा. खिशातला एफएम रेडिओ एकाच केंद्रावर लावून गल्ल्या, शिवार आणि टेकडीच्या दोन्ही बाजू फिरा. आवाज स्पष्ट असेल तेथे हिरवा ठिपका द्या, खरखर असेल तेथे पिवळा आणि काहीच ऐकू न आल्यास लाल. तुमचे लाल ठिपके कोठे जमतात ते पाहा. एक मात्र ध्यानात ठेवा : या नकाशावर केंद्राचा आवाज तुमच्यापर्यंत कोठे येतो एवढेच दिसेल. तुमचा आवाज केंद्रापर्यंत जाईल की नाही, हे त्यावरून कळणार नाही. आणि आगीत सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने हा दुसराच प्रश्न अधिक मोलाचा आहे.